सत्तावीस हजार सातशे एकोणीस चिंचोके

एक होतं राज्य. राजाही होता, पण तो मागून येईल. आधी राज्य बघा. गौतू, पाय पांघरुणात घे. रेणू, पिल्लूला थोडी उशी दे. हं.

तर त्या राज्याच्या वेशीपाशी एक रांजण होता. इतका मोठा, की आत वाकून हाक मारली तर हाक जरा वेळानं परत यायची. आणि त्या रांजणात काय होतं? चिंचोके. राज्यात जितकी माणसं, तितके चिंचोके, बरं का. बाळ जन्मलं, की त्याच्या नावाचा एक चिंचोका आत पडायचा. टक्. आणि कुणी म्हातारं माणूस देवाघरी गेलं, की त्याचा चिंचोका काढून वेशीबाहेर पेरायचा. त्याचं झाड व्हायचं. त्या राज्यात सावलीला कधी तोटा नव्हता, तो असा.

चिंचोके सांभाळायला एक म्हातारी होती. तिचं नाव भिवराई. तिच्या आधी हे काम तिची आई करायची, आईच्या आधी तिची आजी. भिवराई दहा वर्षांची असताना रांजणापाशी बसली, ती साठ वर्षं तिथेच.

आता रोज काय व्हायचं? तिन्हीसांज झाली, की डोंगरावरून नीज उतरायची. नीज म्हणजे झोप. दिसायला साधी बाई. राखाडी लुगडं, पाय अनवाणी, डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं. आणि डोळे मिटलेले. नीज कधी डोळे उघडत नाही. ती नुसती ऐकते.

वेशीपाशी आली की ती विचारायची, "किती गं, भिवराई?"

भिवराई आकडा सांगायची. नीज तितक्या गोधड्या मोजून काढायची, आणि घरोघर जाऊन एकेकाच्या अंगावर घालायची. गोधडी अंगावर पडली, की माणूस झोपलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी आकडा होता सत्तावीस हजार सातशे एकोणीस.

काय म्हणालास, गौतू? मोठा आहे? मोठाच आहे. रोज शंभर चिंचोके मोजलेस, तर तुला नऊ महिने लागतील आणि वर एक आठवडा. पण भिवराई तो आकडा न अडखळता सांगायची.

मग एकदा काय झालं, नीज वेशीपाशी आली आणि तिनं गाठोडं खालीच उतरवलं नाही.

ती म्हणाली, "राजाला निरोप सांग. तुमच्या राज्यात कुणीतरी एक जण जागं असतं. मी येते तेव्हा जागं, मी जाते तेव्हाही जागं. सगळे झोपले की त्याचा एकट्याचा श्वास मला ऐकू येतो. हाच श्वास साठ वर्षं ऐकते आहे. माझ्या हातून एकाला गोधडी मिळत नाही, याची मला लाज वाटते. आता तुम्हीच शोधा. सगळ्या राज्यानं पंगतीला बसा. सगळ्या पंगती सारख्या. ज्या दिवशी एकही पाट रिकामा राहणार नाही, आणि एकही माणूस उभं राहणार नाही, त्या दिवशी मी परत येईन."

आणि ती डोंगर चढून निघून गेली.

मग काय! राज्यात कुणालाच झोप येईना. माणसांना येईना, गुरांना येईना. कमळं मिटायची विसरली. वारा पडायचा विसरला. गवळणी दुधाला विरजण लावायच्या आणि सकाळी बघायच्या, तर दूध तसंच. दुधालासुद्धा डोळा लागल्याशिवाय त्याचं दही होत नाही, बरं का. पोटातली बाळं म्हणाली, बाहेर पाळण्यात झोपच नसेल तर येऊन करायचं काय? आम्ही थांबतो.

आणि राजाची एक मुलगी होती. शेवंता तिचं नाव, वय वर्षं सहा. तिचे डोळे गुंजेसारखे लाल झाले. ती रडायची नाही. नुसती भिंतीला टेकून बसायची. राजवैद्य म्हणाले, "महाराज, मोठी माणसं कसाबसा तग धरतील. लहान जीव फार दिवस नाही काढायचा."

आला बघा राजा. चांगला जाडजूड होता, तरी रांजणात त्याचाही चिंचोका एकच. तो म्हणाला, "पंगत मांडा!"

आता त्या राज्याची पंगत आपल्यासारखी लांब नव्हती. गोल होती. मध्ये भाताचं पातेलं, भोवती पाट. वाढपी कुणी नाही. प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताला बसलेल्याच्या पानात वाढायचं. राजानं शेतकऱ्याला, शेतकऱ्यानं सोनाराला, सोनारानं कुणाच्या आजीला. असं फिरत फिरत शेवटचा राजाला वाढायचा. आणि एकाचंही पान कोरडं असेल, तर कुणी घास उचलायचा नाही. रीत म्हणजे रीत. गोलात जास्तीत जास्त बारा माणसं, कारण तेरावं बसलं की हात पातेल्यापर्यंत पोचत नाहीत.

पहिल्या दिवशी राजा म्हणाला, "हाताला बोटं दहा. दहादहाच्या पंगती मांडा."

सुतारांनी पाट मांडले. तलावापासून डोंगरापर्यंत नुसते गोलच गोल. तान्ह्या बाळांना पाट, आजाऱ्यांना पाट; शेजारच्यानं त्यांचा हात धरून वाढायचं. सगळे बसले. बसता बसता शेवटचा गोल आला, आणि त्यात नऊच माणसं. एक पाट रिकामा.

त्या पाटाच्या उजवीकडे एक तेली बसला होता. तो ओरडला, "महाराज, माझं पान कोरडं! मला कोण वाढणार?"

मग काय करणार? सगळं राज्य उपाशी उठलं. भात गुरांना घातला, आणि माणसांनी मूठमूठ फुटाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी राणी म्हणाली, "दहाचं काही खरं नाही. वार सात, सूर सात. सातासाताच्या पंगती मांडा."

मांडल्या. सगळे बसले. आणि शेवटच्या गोलात सहाच माणसं. पुन्हा एक पाट रिकामा! त्याच्या उजवीकडे या खेपेला एक परटीण होती. ती काही ओरडली नाही. आपलं कोरडं पान तिनं उचलून राणीला दाखवलं, आणि राणीनं मान खाली घातली. पुन्हा फुटाणे.

तिसऱ्या दिवशी प्रधान पुढे आला. प्रधान हुशार होता, म्हणजे स्वतःला समजायचा. तो म्हणाला, "महिने बारा, राशी बारा. बाराबाराच्या मांडा, आणि मग माझी गंमत बघा."

मांडल्या. शेवटच्या गोलात अकराच माणसं. प्रधानानं काय करावं? आपलं पागोटं काढलं आणि रिकाम्या पाटावर ठेवलं. म्हणाला, "झाले बारा!"

पागोट्याच्या उजवीकडे एक कोष्टी बसला होता. तो म्हणाला, "प्रधानजी, तुमचं पागोटं मला भात वाढेल का हो? वाढत असेल तर थोडं तूपही मागतो."

सगळे हसले. पण पोटात भूक आणि डोळ्यांत झोप असली, की हसू लवकर संपतं.

प्रधान रागावून म्हणाला, "मग एकेकाचीच पंगत करा! आपापला पाट, आपापलं पान. कुणी कमी पडायचा प्रश्नच नाही."

राणी म्हणाली, "आणि एकट्याच्या उजवीकडे कोण बसणार, प्रधानजी?"

प्रधानानं पागोटं उचललं, झटकलं आणि डोक्यावर घातलं.

तेवढ्यात म्हातारा सुतार डोकं खाजवत म्हणाला, "महाराज, एक नवल बघा. दहाच्या केल्या, साताच्या केल्या, बाराच्या केल्या. पण पाट मला तितकेच लागले. एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि रिकामाही रोज एकच."

राजा म्हणाला, "म्हणजे कुणीतरी आलं नाही. शोधा!"

मग शिपाई सुटले. त्यांनी घरं पाहिली, गुहा पाहिल्या, विहिरीत डोकावून पाहिलं. कणग्यांची झाकणं उघडली. कुणी सापडलं नाही. सापडणार कसं? सगळे तर पंगतीत बसले होते.

रेणू, डोळे चोळू नकोस. मीट हवं तर. कान उघडे असले म्हणजे झालं.

तर शेवंता. तिला झोप नव्हती, म्हणजे वेळच वेळ. आणि सगळे शोधायला गेले, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती चालत चालत वेशीपाशी आली. भिवराई रांजणाला टेकून बसली होती. शेवंता म्हणाली, "भिवराई, मी चिंचोक्यांनी पंगती मांडू?"

"मांड की बाळ," भिवराई म्हणाली. "पण एकही हरवू नकोस हं. माणसं आहेत ती."

मग शेवंतानं चिंचोके काढले आणि अंगणात मांडले. आधी दोनदोनाच्या जोड्या. एक चिंचोका जोडीशिवाय राहिला. मग तीनतीनाचे गोल. शेवटच्या गोलात दोनच, एकाची जागा रिकामी. मग चारांचे. पुन्हा एकाची जागा रिकामी. पाचांचे. सहांचे. आठांचे. नवांचे. अकरांचे. तांबडे काळे चिंचोके उन्हात चमकत होते. दिवस गेले, शेवंता मांडत राहिली आणि मोडत राहिली. आणि प्रत्येक वेळी, शेवटच्या गोलात, बोट टेकवण्याएवढी एकच जागा उरत होती.

शेवंता त्या जागेवर बोट ठेवून बसली.

ती म्हणाली, "भिवराई, हा आकडा वाईट नाही गं. तो रोज एकच गोष्ट सांगतो. म्हणतो, मला फक्त एक जण पाहिजे. कसेही बसवा, पण एक जण आणा."

भिवराई रांजणाचा काठ पुसत राहिली.

"यात बाबांचा चिंचोका आहे?"

"आहे."

"आईचा? माझा?"

"आहे ना. तुझा मीच टाकला. तू फार रडत होतीस तेव्हा."

"आणि तुझा कुठला?"

भिवराईचा हात रांजणाच्या काठावर होता. तो तिथेच थांबला.

"मोजणाऱ्याचा नसतो गं बाळ," ती म्हणाली. "मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये. मोजलं तर मोजणी नासते. माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. माझ्या आईचा चिंचोका नव्हता. म्हणून या सगळ्या झाडांत तिचं झाड नाही."

"आणि पंगत बसते तेव्हा तू कुठे असतेस?"

"इथेच. रांजण सोडून कशी जाऊ?"

"आणि रात्री?"

"रात्री चिंचा सोलते. म्हातारपणी झोप कमीच असते." मग ती म्हणाली, "लहानपणीही कमीच होती."

शेवंता तिच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी कळलं," भिवराई म्हणाली. "दहाला एक कमी, साताला एक कमी. साठ वर्षं आकड्यांत काढली मी. मला कळणार नाही?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? उठून उभी राहू, आणि सगळ्या राज्यासमोर म्हणू, की महाराज, ती रिकामी जागा माझी आहे? सत्तावीस हजारांचा आकडा मी न अडखळता सांगते, शेवंता. पण स्वतःचा एक काही तोंडातून निघत नाही. आणि मोजणी नासली तर? मग तुला कधीच झोप आली नाही तर? त्याचीही भीती वाटते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंतानं विचार केला. सहा वर्षांची पोर, आणि किती दिवसांची जागी. पण विचार मात्र नीट केला.

"मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये ना?" ती म्हणाली. "मग तू नको मोजूस. तुला मी मोजते."

तिनं झाडाखालची एक पिकलेली चिंच उचलली. फोडली. गर खाल्ला, कारण चिंच वाया कशाला घालवायची? चिंचोका फ्रॉकला पुसला. हसू नकोस रे गौतू, परकराला म्हणायचं होतं मला. तिनं चिंचोका परकराला पुसला. मग सगळे चिंचोके दोघींनी मिळून रांजणात भरले, आणि सगळ्यात शेवटी शेवंतानं तो नवा चिंचोका वरून सोडला.

टक्.

दोघी श्वास रोखून बसल्या. आता मोजणी नासेल, आता नासेल. पण काहीच नासलं नाही. फक्त कितीतरी दिवसांनी वारा जरासा पडला.

मग चौथी पंगत. शेवंता भिवराईचं बोट धरून तिला घेऊन आली. राजानं पाहिलं, राणीनं पाहिलं, तेल्यानं पाहिलं. सगळ्यांना एकदम कळलं. राजा पुढे आला, वाकला आणि म्हणाला, "भिवराई, आम्ही विहिरीत डोकावून आलो. वेशीपाशी नाही बघितलं."

भिवराई म्हणाली, "असू द्या महाराज. चुकतं माणूस."

राजा म्हणाला, "दहाच्या मांडा!" राणी म्हणाली, "साताच्या!" प्रधान म्हणाला, "बाराच्या!"

भिवराई लाजत म्हणाली, "कशाही मांडा. आता बसतील."

आणि खरंच, बरं का. दहाच्या मांडल्या, शेवटचा गोल पूर्ण. लोकांना मजा वाटली. उठले, बाराच्या मांडल्या, पूर्ण. मग सगळेच ओरडायला लागले, आता आठाच्या, आता नवाच्या, आता अकराच्या! दोनाच्या, तीनाच्या, चाराच्या, पाचाच्या, सहाच्या. कशाही करा, एकही पाट रिकामा नाही, एकही माणूस उभं नाही. सत्तावीस हजार सातशे वीस. असा गुणी आकडा. कुणालाच नाही म्हणत नाही. एवढी मोठी त्याची माया, आणि ती एका चिंचोक्यासाठी अडली होती.

शेवटी राणी म्हणाली, "पुरे आता, भात निवला." मग साताच्याच बसल्या, कारण पळी राणीच्या हातात होती.

भिवराईच्या डावीकडे शेवंता बसली. तिनं भिवराईच्या पानात भात वाढला. वर वरण, वर तूप. भिवराई पानाकडे बघत राहिली. साठ वर्षांत तिच्या पानात दुसऱ्या कुणी वाढलं नव्हतं. मग तिनं वळून आपल्या उजवीकडच्याला वाढलं. कोण होता माहीत आहे? पागोटं नीट घालून बसलेला प्रधान. तो म्हणाला, "थोडं तूप जास्त, भिवराई." आणि ती हसली.

सगळ्यांची पानं भरली. सगळ्यांनी घास घेतला. आणि डोंगरावरून नीज उतरली.

ती वेशीपाशी नाही थांबली. सरळ पंगतीत आली आणि तिनं विचारलं, "किती गं, भिवराई?"

"सत्तावीस हजार सातशे..." भिवराई म्हणाली, आणि पहिल्यांदाच अडखळली. मग म्हणाली, "वीस."

नीज गालात हसली. तिनं गाठोडं उतरवलं. गोधड्या मोजल्या, आणि गाठोड्याच्या अगदी तळाशी हात घालून एक जुनी गोधडी काढली. साठ वर्षं घडी न मोडलेली. तिला चिंचेच्या फुलांचा वास येत होता. ती तिनं सगळ्यात आधी भिवराईच्या अंगावर घातली. भिवराईच्या हातात घास तसाच होता. डोकं हळूच शेवंताच्या खांद्यावर आलं. आणि शेवंताचं डोकं तिच्या डोक्यावर.

मग कमळं मिटली. मग वारा पडला. मग गवळणींच्या घरी दूध झोपलं, आणि सकाळी दह्याची अशी कवडी पडली, की उलटं केलं तरी भांड्यातून हलेना.

आणि पहाटे कुंभाराच्या घरी एक मुलगी जन्मली. आकडा झाला सत्तावीस हजार सातशे एकवीस. आता दोनाच्या करा, साताच्या करा, बाराच्या करा, काय होईल? एकच उरेल. दरवेळी एकच. मग काय केलं? काही नाही. एका दिवसाचं बाळ होतं ते, त्याला कुणीतरी मांडीवर घेतलं.

तेव्हापासून त्या राज्यात नवी रीत पडली. मोजणाऱ्यानं सगळ्यांना मोजायचं, आणि मोजणाऱ्याला एका लहान मुलानं मोजायचं. भिवराईच्या आईच्या नावाचाही एक चिंचोका शेवंतानं वेशीबाहेर पेरला. उशिरा पेरला, पण उगवला. सगळी माणसं पोटभर जेवली आणि डोळाभर झोपली.

संपली गोष्ट. आता तुम्हीही झोपा.

काय रे गौतू? तेराच्या केल्या तर? अरे, हात पोचत नाहीत म्हटलं ना. बरं बाबा, केल्या समज. बाळ मांडीवर आहे, ते सोड. सत्तावीस हजार सातशे वीसमध्ये तेराच्या पंगती मांडल्या, की चार उरतात. उद्या पाटीवर करून बघ. चारच उरतील.

कोण ते चार?

तू, रेणू, पिल्लू आणि मी. म्हणून तर सगळं गाव झोपलं आणि आपण चौघं जागे आहोत. नाही, पिल्लू झोपलं बघ. रेणूही झोपली. राहिलो आपण दोघं.

सरक जरा. आणि मला मोज बरं. मोजलंस? हं. आता मीट डोळे.